उपवासाच्या ताटावरचा ग्रीस

आमच्या ग्रीस सहलीच्या पत्रकात ‘रोज रात्री भारतीय जेवण’ ही ओळ ठळक अक्षरांत छापलेली असते. पुण्या-नाशिकच्या मंडळींना धीर यावा म्हणून ती घातलेली, आणि तो येतोही. पण सहल व्यवस्थापक म्हणून वर्षानुवर्षं या गटांबरोबर हिंडताना त्या ओळीपायी काय हुकतं, तेही मी बघत आले. अथेन्समध्ये आमची बस ज्या रेस्टॉरंटपाशी थांबते, तिथं पनीर, जिरा राइस आणि पिवळी डाळ मिळते. दुपारी त्याच गल्लीतल्या साध्याशा खाणावळीत भेंडी, फरसबी, वांगी, पांढरा घेवडा असे ट्रेच्या ट्रे भरून मांडलेले असतात. आसपासच्या दुकानांतली ग्रीक माणसं ते पावाबरोबर मजेत खात असतात. त्यात ना मांस, ना अंडं, ना दूध. आणि आमची माणसं घरी फोनवर सांगत असतात, ‘‘इथं शाकाहाऱ्यांचे फार हाल आहेत हो.’’

हा समज मला मनापासून खटकतो. सळईवर भाजलेल्या मांसाचे तुकडे म्हणजे सूवलाकी, आणि उभ्या भट्टीवरून कापून पावात गुंडाळून देतात तो यीरो, एवढ्यातच ग्रीसचं खाणं संपतं असं पर्यटकांच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्याला वाटतं. मांसाहारी मंडळींनी ते जरूर खावं, चांगलं असतं. पण ग्रीक घरातलं रोजचं जेवण दुसरंच आहे, आणि ते चर्चच्या उपवासांनी घडवलेलं आहे.

ऑर्थोडॉक्स चर्चचं पंचांग पाहिलं, तर वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस उपवासाचे निघतात. बहुतेक सगळे बुधवार आणि शुक्रवार, ईस्टरआधीचे ४० दिवस आणि त्याला जोडून पवित्र आठवडा, नाताळाआधीचे ४० दिवस, उन्हाळ्याच्या सुरुवातीचा प्रेषितांचा उपवास, आणि मरियमच्या सणाआधी १ ते १४ ऑगस्ट. या दिवसांत मांस, दूध, दही, चीज, अंडी बंद. मासेही ठरावीक दिवस सोडले तर बंद. फार कडक दिवशी तेलही नाही. आजचे सगळेच ग्रीक हे पाळतात असं नाही. शहरातली तरुण मुलं बहुधा शेवटच्या आठवड्यापुरतीच पाळतात. पण शतकानुशतकं निम्मं वर्ष कडधान्यं, भाज्या, रानातला पाला आणि ऑलिव्ह तेल यांवर घर चालवायचं म्हटल्यावर तिथल्या बायकांनी त्यातून जो स्वयंपाक उभा केला, तो उपवास सुटले तरी राहिला. क्रीटच्या शेतकऱ्यांचा जो आहार विसाव्या शतकाच्या मध्याला अॅन्सेल कीज या अमेरिकन संशोधकानं अभ्यासासाठी निवडला, त्याच्या मुळाशी हेच जेवण आहे; भूमध्य आहार म्हणून या पद्धतीच्या खाण्याला पुढं २०१० साली युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली.

खाणावळीत विचारायचा शब्द म्हणजे ‘निस्तीसिमो’, उपवासाचं. तो उच्चारला की वाढणाऱ्याचा चेहरा खुलतो आणि तो ट्रेकडे बोट दाखवत एकेक पदार्थ सांगायला लागतो. पण शाकाहारी माणसानं इथं सावध राहायला हवं. ज्या जलचरांना रक्त नाही असं मानलं जातं, ते सगळे या उपवासाला चालतात: ऑक्टोपस, माकूळ, कोळंबी, शिंपले. उपवासाच्या दिवशी भातात शिंपले असू शकतात, शेवयांच्या जातीच्या बारीक पास्त्यात कोळंबी असू शकते. म्हणून मी आदल्या दिवशी फोन करते तेव्हा शब्दावर न थांबता जिन्नस विचारते. समुद्रातलं काही आहे का? सूपसाठी मांसाचं पाणी वापरलंय का? भात भरलेल्या टोमॅटो-मिरच्यांत, म्हणजे येमिस्तात, खिमा मिसळलाय का? झुकिनीच्या चकत्या आणि माकूळ एकाच तेलात तळता का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण छोट्या टॅव्हर्नात, म्हणजे तिथल्या साध्या हॉटेलात, कढई बहुधा एकच असते. फेटा चीजसाठी दूध गोठवायला प्राणिज रेनेट वापरलेलं असू शकतं, हे कडक शाकाहारी लोकांना मी सहलीच्या आधीच सांगते. जैन मंडळींनाही आधीच सांगते, की कांदा-लसूण टाळून इथं फळं, पाव, ऑलिव्ह, काकडी-टोमॅटो आणि उकडलेला पाला एवढंच उरेल. हे बोलणं मुंबईत झालेलं बरं. परक्या देशात, भुकेल्या पोटी ते ऐकायची वेळ कुणावर येऊ नये.

दुसरी गोष्ट वेळेची. या घरगुती पदार्थांच्या खाणावळीला ‘मायिरिओ’ म्हणतात. तिथला स्वयंपाक सकाळी होतो, बारा-एकच्या सुमारास ट्रे मांडले जातात आणि चारपर्यंत बरंचसं संपतं. रात्री ग्रीस भाजलेलं आणि तळलेलं खातो, तेही नऊ-दहा वाजता. म्हणजे भाजीपाला खाणाऱ्याचं खरं ग्रीक जेवण दुपारचं. हे कळल्यावर मी दुपारी सँडविचची पाकिटं वाटणं बंद करायला लावलं आणि गटाला मायिरिओत न्यायला लागले. रात्रीचं भारतीय जेवण तसंच ठेवलं. ज्यांना दिवसाअखेर वरण-भाताशिवाय झोप येत नाही, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. तोही अन्नाचा मानच आहे.

मायिरिओत छापलेलं मेन्यूकार्ड मागू नये. काचेपाशी जावं, बघावं, बोट दाखवावं. यातल्या निम्म्याहून अधिक पदार्थांना मिळून ‘लाडेरा’ म्हणतात, तेलातले. फरसबी, भेंडी, वांगी, बटाटे, झुकिनी हे सगळं कांदा, टोमॅटो आणि भरपूर ऑलिव्ह तेलात मंद आचेवर शिजवलेलं. पाणी आटून ताटात नुसतं तेल आणि भाजीचा रस राहिलेला. मसाला जवळपास नाहीच. मीठ, मिरी, पार्सली, कधी पुदिना, आणि शेपू. आपल्याकडे शेपूचं नाव काढलं की अर्धं घर नाक मुरडतं. इथं तो पालक-भातात असतो, बाकल्यात असतो, कोबीच्या सॅलडमध्येही असतो, आणि शेपू न खाणारी माणसं तो पालक-भात मागून घेताना मी पाहिली आहेत.

पहिल्या दिवशी दोन तक्रारी ठरलेल्या. ‘‘ताई, गार आहे.’’ आणि ‘‘केवढं तेल!’’ गार नसतं, कोमट असतं, आणि मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. भाजी उतरवून दोन-तीन तास निवली की तेल आणि रस एकमेकांत मुरतात. चटका बसेल इतकी गरम खाल्ली तर टोमॅटोचा आंबटपणाच पुढं येतो. तेलाचं म्हणाल तर ते फोडणीचं नसतं, त्या पदार्थाचा रस्साच ते असतं. पावाचा तुकडा मोडून त्यात बुडवायचा, ताट पुसून खायचं. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही, उलट वाढणारी बाई खूश होते.

साताऱ्याच्या एक काकू होत्या, स्वतः खानावळ चालवलेल्या. भेंडीचं ताट समोर आल्यावर त्यांनी एक भेंडी चमच्यानं उचलून उजेडात धरली. रश्शात शिजवलेली, अख्खी, आणि तार नाही! ‘‘अगं, विचार की तिला, हे कसं केलं?’’ मी विचारलं. स्वयंपाकीण बाई आमच्या काकूंच्याच वयाची. तिनं उत्तर न देता काकूंचा हात धरला आणि त्यांना आत नेलं. देठाकडची टोपी पेन्सिल तासल्यासारखी गोल तासायची, आतली पोकळी उघडी पडू द्यायची नाही. मग मीठ आणि व्हिनेगर शिंपडून तासभर उन्हात ठेवायची. भांड्यात घातल्यावर चमचा लावायचाच नाही, भांडंच धरून हलवायचं. हे सगळं तिनं हातांनी दाखवलं आणि काकूंनी मान हलवत समजून घेतलं. मला भाषांतर करायला फारसं उरलंच नाही. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, ‘‘आंबट घालतो गं आपणपण, पण ऊन नाही दाखवत.’’ त्या दिवशी गटातल्या कुणीही पनीरची आठवण काढली नाही.

पाल्याची गोष्ट तर आणखी जवळची. ‘होर्ता’ म्हणजे रानातला किंवा मळ्यातला हिरवा पाला, नुसता उकडून, पाणी निथळून, वर तेल आणि लिंबू. टॅव्हर्नात तो जवळजवळ नेहमी असतो आणि आपले लोक तो कधीच मागत नाहीत, कारण यादीत त्याचं वर्णन इतकं साधं असतं. हिवाळ्यात आणि वसंतात कडसर रानचिकोरी, क्रीटमध्ये काटेरी झुडपाचा कोवळा स्तामनागाथी, आणि उन्हाळ्यात ‘व्लीता’. हा व्लीता म्हणजे राजगिऱ्याच्या कुळातला, आपल्या माठ-तांदुळज्याचा सख्खा भाऊ. उन्हाळ्याच्या सॅलडमध्ये ‘ग्लिस्त्रीदा’ म्हणून जो मांसल, आंबटसर पाला येतो तो घोळ, तीच वनस्पती. नगर जिल्ह्यातल्या एका शेतकरी काकांनी ती पानं बोटांत चुरडून ओळखली आणि मग पूर्ण ताट एकट्यानं संपवलं. त्यांच्या भागात आता घोळ तण म्हणून उपटून टाकतात, असं ते हळहळून सांगत होते.

सांतोरिनीला सगळे सूर्यास्तासाठी जातात. मी त्यांना आधी फावा खायला लावते. ही पिवळी डाळ कांद्याबरोबर मंद शिजवायची, फेस काढत राहायचं, मऊ झाली की घोटायची. वर तेल, लिंबू, चिरलेला कच्चा कांदा, कधी केपरच्या कळ्या. ‘‘वरणच की हे,’’ असं म्हणून लोक दुर्लक्ष करायला बघतात. पण ही तूर नाही, मूगही नाही. सांतोरिनीची फावा लॅथिरस या वंशातली आहे, म्हणजे विदर्भातल्या लाखेची, लाखोळी डाळीची, अगदी जवळची नातलग. जात वेगळी, वंश तोच. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या अक्रोतिरीच्या वस्तीत साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे याच कडधान्याचे जळके दाणे सापडले आहेत. अक्रोतिरीचं उत्खनन बघायचं आणि तिथून थेट फावाच्या ताटापाशी यायचं, हा क्रम मी मुद्दाम ठेवते. पाऊस नावापुरता, माती राखेची. अशा जमिनीत जे तगलं ते या बेटानं जपलं. फावा, बोराएवढे गोड टोमॅटो, पांढरी वांगी, आणि असिर्तिको द्राक्षं. त्या द्राक्षांच्या वेली मांडवावर चढवत नाहीत. जमिनीलगत टोपलीसारख्या गोल वळवतात, म्हणजे घड आत राहून वाऱ्यापासून वाचतात आणि रात्रीचा ओलावा धरतात. टोमॅटोची भजी, तोमातोकेफ्तेदेस, तिथं खाल्ली नाहीत तर ती दुसरीकडे त्या चवीची मिळत नाहीत. खरी सांतोरिनी फावा महाग असते. स्वस्त मिळाली तर ती बहुधा पिवळ्या वाटाण्याची डाळ असते, तीही वाईट नसते.

मुसाकाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. वांगी, खिमा आणि वर पांढऱ्या सॉसचा जाड थर असा हा पदार्थ ग्रीसचा म्हणून जगभर ठाऊक आहे. पण तो थर फ्रेंच धाटणीचा. १९२०च्या दशकात निकोलाओस त्सेलेमेन्तेस या आचाऱ्याच्या पाककृतींच्या पुस्तकानं तो रूढ केला. मुसाका उत्तम लागतो, मात्र ग्रीस समजून घ्यायला आलेल्यानं पहिलं जेवण त्याच्यावर घालवू नये. याच त्सेलेमेन्तेसचं नातं ज्या सिफ्नोस बेटाशी आहे, तिथली रेविथादा मी निवडीन. सुट्टी काढून मी तिथं गेले ती याच्याचसाठी. काबुली चणे भिजवून, कांदा, तेल, तमालपत्र आणि पाणी एवढंच घालून झाकणाच्या मातीच्या भांड्यात भरायचे. शनिवारी संध्याकाळी गावातली घरं आपापली भांडी लाकडाच्या भट्टीत नेऊन ठेवतात. रात्रभर ती तिथं राहतात आणि रविवारी चर्चमधून परतताना लोक भांडं घेऊन घरी जातात. चणे इतके मऊ, की जिभेनं दाबले तरी विरघळतात. रस्सा दाट, सोनेरी. वर लिंबू पिळायचं. चार जिन्नस आणि एक रात्र, यापलीकडे त्यात काही नाही. इतकं पोटभर, शांत करणारं जेवण मी क्वचितच जेवले आहे.

सॅलडचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. खऱ्या होरियातिकीत, म्हणजे ग्रीक सॅलडमध्ये, लेट्यूसची पानं नसतात. टोमॅटो, काकडी, कांदा, हिरवी मिरची, ऑलिव्ह आणि वर फेटाचा अख्खा तुकडा. २००२ पासून युरोपीय संघात फेटा हे नाव फक्त ग्रीसच्या ठरावीक भागांतल्या, मेंढीच्या दुधाच्या चीजलाच लावता येतं; बकरीचं दूध ३० टक्क्यांपर्यंत चालतं. हे सॅलड उन्हाळ्यात खावं. जानेवारीत टोमॅटो मागणाऱ्याला टॅव्हर्नावाला देईल, पण तेव्हा कोबी-गाजराचं सॅलड मागितलं तर त्याचा आपल्याबद्दलचा आदर वाढेल.

पेयांकडे वळायचं तर ऊझोची ओळख नीट करून द्यावी लागते. बडीशेपेसारख्या वासाचं हे मद्य ३७.५ टक्क्यांहून कमी नसतं, आणि ते नुसतं, एका घोटात पिण्याची गोष्ट नव्हे. त्यात पाणी घातलं की ते दुधासारखं पांढरं होतं, कारण त्यातला सुगंधी घटक दारूत विरघळतो, पाण्यात विरघळत नाही. सोबत खाण्याच्या छोट्या बशा हव्यातच: ऑलिव्ह, काकडी, खारवलेला मासा, भाजलेला ऑक्टोपस. पोट रिकामं ठेवून पिणाऱ्याला ग्रीक माणसं काळजीनं बघतात. द्राक्षांच्या चोथ्याचं त्सिपुरो प्यायचं तर व्होलोस या बंदराच्या गावी. १९२२ साली तुर्कांशी झालेल्या युद्धात ग्रीसचा पाडाव झाल्यावर आशिया मायनरमधून जे लाखो निर्वासित ग्रीसमध्ये आले, त्यांतले कितीतरी तिथं वसले, आणि त्यांच्या हाताची चव गावाला लागली. तिथं खाण्याची ऑर्डर आपण द्यायची नसते. त्सिपुरोची छोटी बाटली मागवायची, तिच्याबरोबर एक बशी येते. दुसऱ्या बाटलीला वेगळी बशी, तिसरीला आणखी वेगळी, आणि चांगला माल मालक मागून आणतो. आमच्या गटातले कोकणातले लोक तिथून उठायला तयार होत नाहीत. पाइनच्या राळेचा वास असलेली रेत्सिना ही वाइन मात्र पहिल्या घोटाला कुणालाच आवडत नाही. लसणाच्या चटणीबरोबर तळलेल्या कॉड माशाशी ती घ्यावी, मग तिचं काम कळतं.

न पिणाऱ्यांनी स्वतःला वंचित समजायचं कारण नाही. खिओस बेटाच्या दक्षिणेकडच्या गावांत मस्तिखाच्या झाडांना चिरा देऊन डिंक गोळा करतात. त्या डिंकाचा दाट पांढरा गोड गोळा चमच्यावर घेऊन गार पाण्याच्या पेल्यात बुडवून देतात. चमचा चाटायचा, मग ते पाणी प्यायचं. उन्हातून आलेल्या माणसासाठी याहून चांगलं काही नाही. डोंगरातल्या सुकवलेल्या फुलांचा चहा थंडीत मिळतो, ज्येष्ठांना तो मानवतो. ग्रीक कॉफीत साखर किती हवी ते आधी सांगायचं, कारण ती ब्रिकी नावाच्या छोट्या भांड्यातच, कॉफीबरोबर शिजते: स्केतो बिनसाखरेची, मेत्रियो बेताची, ग्लिको गोड. कप आला की ढवळायचं नाही, गाळ खाली बसू द्यायचा आणि तळाशी आला की थांबायचं. आमचे लोक सवयीनं दोन मिनिटांत कप रिकामा करतात. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा तेवढ्याच कपावर तासभर बसलेला असतो, आणि कुणी त्याला उठवत नाही.

बिलाबद्दल शंका नेहमी येते. टेबलावर पाव न मागता येतो आणि त्याचे थोडे पैसे लागतात. ती फसवणूक नव्हे, पद्धत आहे. उलट शेवटी न मागता फळं किंवा गोड येतं, ते मालकाकडून असतं. त्याला नको म्हणू नये. उपवासाच्या दिवसांत ते गोड बहुधा रव्याचा हलवा असतो, ऑलिव्ह तेलात भाजलेल्या रव्याचा, दालचिनी आणि बदाम घातलेला. त्याचं प्रमाण तिथल्या बायका आकड्यांवर पाठ करतात: एक वाटी तेल, दोन रवा, तीन साखर, चार पाणी. तुपाशिवायचा शिरा म्हणून आपण ज्याच्याकडे साशंकपणे बघू, तो साच्यातून काढलेला, चकाकणारा हलवा चवीला कुठंही उणा नसतो.

ज्यांना हे सगळं एकाच वेळी बघायचंय, त्यांनी ईस्टरआधीचे दिवस निवडावेत. ऑर्थोडॉक्स ईस्टर २०२७ मध्ये २ मे रोजी आहे, म्हणजे पवित्र आठवडा एप्रिलच्या अखेरीस, आपल्या शाळांच्या सुट्टीत येतो. त्या आठवड्यात बेकरीपासून टॅव्हर्नापर्यंत उपवासाचे पदार्थ वेगळे मांडलेले असतात. शुक्रवारी बऱ्याच घरांत मसूर फक्त व्हिनेगर घालून, बिनतेलाची खातात. शनिवारी मध्यरात्री चर्चमधून आलेले लोक मायिरित्सा पितात. ते कोकराच्या आतड्या-काळजाचं, लिंबू आणि शेपू घातलेलं सूप. रविवारी अंगणाअंगणात अख्खं कोकरू सळईवर फिरत असतं. मांसाहारी प्रवाशाला याहून मोठा दिवस नाही. शाकाहाऱ्याला मात्र वर्षातला हाच एक दिवस अवघड जातो. मायिरिओ बंद असतात आणि टॅव्हर्नात सॅलड, बटाटे, लाल रंगवलेली अंडी याखेरीज फारसं हाती लागत नाही. त्या रविवारसाठी मी शनिवारी सकाळीच फावा, येमिस्ता आणि पाव बांधून घेते. गटात शाकाहारी किती आहेत ते टॅव्हर्नावाल्याला आठवडाभर आधी कळवलं, तर तो शनिवारी ट्रे वेगळा काढून ठेवतो.